मोटरच्या वेगाचं 'नियंत्रण' की 'नियमन'?

प्रश्न: आयटीआयच्या मुलांसाठी मोटरवर मराठीत टिपणं लिहितो आहे. मूळ पुस्तकात 'स्पीड कंट्रोल' आणि 'स्पीड रेग्युलेशन' असे दोन वेगळे भाग आहेत. मी दोन्हीकडे 'वेगनियंत्रण' लिहीत आलो आणि आता अडलो. दोन शब्द हवेत का?

प्रतिसाद: हवेतच. वेग आपल्याला हवा तसा बदलणं हे नियंत्रण, भार कमीजास्त झाला तरी तो टिकणं हे नियमन. पिठाच्या गिरणीवरची चार पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची) थ्री-फेज मोटर घ्या. ५० हर्ट्झला तिचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. गिरणी रिकामी असताना मोटरही जवळपास तेवढीच फिरते, पण दळण पडू लागलं आणि पूर्ण भार आला की साधारण १४४० वर येते. ही घट सुमारे ४ टक्के. घट जितकी कमी, तितकं नियमन चांगलं. इथे वेग कुणी बदलला नाही, भारानं तो उतरला. याला 'नियंत्रण' म्हटलं तर मुलं गोंधळतील.

प्रतिसाद: मग पंख्याचा रेग्युलेटर? तो वेग कमीजास्त करतो, सांभाळत नाही. व्होल्टेज उतरलं की तीन नंबरवरचा पंखाही मंदावतो. म्हणजे नाव रेग्युलेटर, काम नियंत्रकाचं. शिलाई मशीनच्या मोटरचं पेडलही तसंच. जीन्सची जाड शिवण आली की मशीन अडखळतं आणि शिवणाऱ्या बाईंचा पाय आपसूक जास्त दाबतो. नियमन तो पाय करतो!

प्रतिसाद: पायाचं उदाहरण टिपणात घ्याच. ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, हेच करतो. एन्कोडर वेग मोजतो, ड्राइव्ह तो ठरलेल्या वेगाशी ताडून पाहतो आणि कमी भरला तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवतो.

प्रतिसाद: व्युत्पत्तीनं दोन्ही शब्द एकाच घरचे. 'नियमन' यम् धातूचा, म्हणजे आवरणं. 'नियंत्रण'मधलं 'यंत्र'ही त्याच यम् पासून आलं. 'नियामक' तर अमरकोशात नौका चालवणाऱ्यांच्या शब्दांत येतो: 'नियामकाः पोतवाहाः'. आणि जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला वेग टिकवण्यासाठी बसवला तो 'गव्हर्नर' हा शब्द मुळात ग्रीक सुकाणूधाऱ्याचा. लाट कशीही आली तरी नाव मार्गावर ठेवणारा! म्हणून गव्हर्नरला 'नियामक' हाच शब्द मला पटतो.

प्रश्नकर्ता: आभार. वेगनियंत्रण आणि वेगनियमन, असे दोन वेगळे धडे करतो. पंख्याचा रेग्युलेटर मात्र 'रेग्युलेटर'च ठेवतो, दुकानात मुलं तेच मागणार.