मदत हवी आहे: बेल्टच्या सायकलला २५ ऐवजी ३५ सीसी इंजिन बसेल का?

नमस्कार मंडळी. वडिलांच्या जुन्या सायकलला मी २५ सीसीचं फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवलंय. मागच्या चाकाच्या आऱ्यांना मोठी पुली आणि दातेरी बेल्ट. रंकाळ्याच्या सपाटीवर मस्त पळते, पण शेत पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे. पाठीवर फवारणीचा पंप असला की शेवटच्या चढाला इंजिन गुदमरतं आणि मला पायडल मारत जावं लागतं. ही सायकल मोडीत जाऊ द्यायची नाही, वडिलांनी वीस वर्षं चालवलीय.

आता होंडा जीएक्स३५, म्हणजे ३५.८ सीसीचं, घ्यायचा विचार आहे. अडचण बेल्टची. चढाला आत्ताच बेल्ट दात सोडतो, जास्त ताकद आली तर काय होईल? बेल्ट रुंद घ्यावा, की ताण देणारी पुली अशी सरकवावी की लहान पुलीला बेल्टचा विळखा वाढेल? क्लचचा ड्रम जुनाच चालेल का? की इंजिन तेच ठेवून पुढची पुली कमी दातांची करू? वेग गेला तरी चालेल, चढ निघाला पाहिजे. उद्यमनगरात लेथवर पुली करून घेता येईल, पण माप आधी पक्कं हवं.

आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये चारपेक्षा कमी चाकांना २५ सीसीपर्यंतच सूट आहे. त्यापुढे नोंदणी आली, आणि मला डांबरी रस्त्यानंच जावं लागतं. हे कुणी केलंय का? अनुभव सांगा, फोटो असतील तर फारच बरं.