विंडोज १०: धडधाकट कॉम्प्युटरला म्हातारा कोणी ठरवलं?

चौथा_कप

आमच्या घरी २०१७ च्या दिवाळीत घेतलेला लॅपटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम. मध्यंतरी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, तेव्हापासून तर नव्यापेक्षा चपळ झालाय. बाबा त्यावर घरखर्चाचा हिशोब ठेवतात, कीर्तनं ऐकतात, भाची आली की तिचा गृहपाठ होतो. त्याची काही कुरकुर नाही. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ पासून तो कागदोपत्री गेला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत आमचा नाही.

यादी साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. शिवाय टीपीएम २.० लागतं, म्हणजे पासवर्ड-किल्ल्या वेगळ्या कप्प्यात सांभाळणारी सोय. ही सोय आमच्या लॅपटॉपमध्ये आहे, हो! अडलंय ते फक्त प्रोसेसरच्या पिढीवर. आता यातली गंमत ऐका. सातव्या पिढीतल्या एका प्रोसेसरला, आय-७ ७८२०एचक्यूला, ऑगस्ट २०२१ मध्ये यादीत जागा मिळाली. का? तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या कॉम्प्युटरमध्ये तोच होता. परीक्षकाचंच पोर नापास होत होतं, मग ग्रेस मार्क निघाले.

सुरक्षेचे पॅच (विंडोजमधली भोकं बुजवणारी ठिगळं) आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळू शकतात. त्याच्या तीन वाटा: कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर त्यांच्या रिवॉर्ड योजनेतले १,००० पॉइंट द्या, नाहीतर ३० डॉलर मोजा. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी आवाज चढवल्यावर क्लाउडची अट निघाली. तिथे खात्यात लॉगिन करा, पॅच फुकट. इथे कोणी आवाज चढवलाच नाही, तर अट काढणार कोण?

आता माझा मुद्दा. हे पॅच तयार होणारच आहेत. मोठ्या कंपन्यांना ते पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे भात शिजलेला आहे, पातेलं चुलीवरच आहे, पण आमच्या पानात वाढायचा नाही. कॅनालिस या बाजार अभ्यासणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज दिला होता की या निर्णयाने सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. जोवर एकाही गिऱ्हाइकासाठी पॅच बनतोय, तोवर तो सगळ्यांना मिळाला पाहिजे. नवं काही नको, रंगरंगोटी नको, फक्त भोकं बुजवा.

(२०१५ मध्ये कंपनीच्याच एका माणसाने जाहीर परिषदेत विंडोज १० ला ‘शेवटची विंडोज’ म्हटलं होतं. त्याचा अर्थ आत्ता कळला.)

नट_बोल्ट

भाताची उपमा झकास, पण भात शिजवणाऱ्याला पगार कोण देतो? त्याच कंपन्या. पहिल्या वर्षी एका मशीनमागे ६१ डॉलर, आणि दर वर्षी दुप्पट. त्यांनी भरलेल्या पंगतीत आपण फुकट बसायचं आणि वर वाढप्याला दोष द्यायचा.

२९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली. दहा वर्षं अडीच महिने झाले. सात किंवा आठवाल्यांना पहिलं वर्षभर ती फुकट मिळत होती. दहा वर्षं फुकट डागडुजी करून देणारा बिल्डर मला दाखवा, मी आत्ता बुकिंग करतो. अ‍ॅपलकडे बघा. मॅकच्या सिस्टिमची २०२५ मधली टाहो ही इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती, असं त्यांनी जून २०२५ मध्येच सांगून टाकलं. इंटेलचे मॅक २०२० मध्ये नवे कोरे विकले जात होते आणि मोजणाऱ्यांनी लाख-दीड लाख मोजले होते. त्यावर धागा निघाला का?

आणि फोन? खिशातला अँड्रॉइड तीन वर्षांत अपडेटला मुकला तर आपण निमूट नवा घेतो. दहा वर्षांच्या लॅपटॉपसाठी मात्र गळा काढायचा.

चौथा_कप

शेजारचा सासुरवास करतो म्हणून आपल्या घरातला चालवून घ्यायचा?

आणि मुदत मोजायची ती विंडोज १० कधी आली तिथून नाही, मशीन कधी विकलं तिथून. आमचं २०१७ चं आहे, म्हणजे आठ वर्षं. सरफेस स्टुडिओ २ तर २०१८ चा. फोनचं म्हणाल तर युरोपने २० जून २०२५ पासून नियमच केलाय: मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट. विक्री थांबल्यावर, हे नीट वाचा. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल आलं. त्यात सुटे भाग आहेत, मॅन्युअल आहेत, पण यंत्र धडधाकट असताना सॉफ्टवेअरने अंग काढून घेतलं तर काय, याला जागा नाही.

बंदोबस्त

माझं कामच सुरक्षेचं आहे, त्यामुळे थोडं कडू बोलतो. यादी उगाच आलेली नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये चाचणीतले आकडे दिले होते: अटीत न बसणाऱ्या मशीनवर कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) पातळीवरचे क्रॅश ५२ टक्के जास्त, बसणाऱ्यांवर ९९.८ टक्के अनुभव क्रॅशविना. शिवाय मेमरीची राखण करणाऱ्या नव्या सोयी जुन्या प्रोसेसरवर चालवल्या तर मशीन रांगायला लागतं.

पण चौथा_कप यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो, कारण इतिहास तसा आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण बहुतेक बळी पडले ते विंडोज ७ वाले, ज्यांनी तो बसवलाच नव्हता. आणि एक्सपी? तिचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठीही पॅच खुला केला. म्हणजे आग लागली की ते पाणी सगळ्यांना देतात. मात्र आग लागल्यावर.

चौथा_कप

५२ टक्के जास्त, ठीक. पण किती होते त्याच्या ५२ टक्के? हजारात दोनाचे तीन झाले असतील तर बाबांच्या कीर्तनात काही खंड पडत नाही.

खिळेजुळारी

तालुक्याच्या गावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, ग्रामपंचायतीची पावतीपुस्तकं, आणि दिवाळीच्या आधी एक-दोन अंक. तुमची चर्चा वाचून हसू येतंय, कारण विंडोज १० संपली म्हणून तुम्ही रडताय आणि माझ्या मुख्य मशीनवर अजून ७ आहे. तिचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला. मला फरक पडला नाही. त्या मशीनला इंटरनेटची वायरच लावलेली नाही.

७ का ठेवली? पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरसाठी. पेजमेकर ७ ही आवृत्ती २००१ ची, त्यानंतर अडोबीने नवी काढलीच नाही. त्याला युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत, कळत नाही. म्हणून श्रीलिपीचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट, म्हणून मागे लावलेला डोंगल (ते चालू करणारी किल्ली), म्हणून डोंगलचा ड्रायव्हर ज्या विंडोजवर मुकाट चालतो ती विंडोज. एक वीट काढली की भिंत येते. माझ्याकडे वीस वर्षांच्या फायली आहेत. संस्था दर वर्षी येते, ‘ताई, मागच्या वर्षीचाच अहवाल, फक्त आकडे बदला’. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भडंग दिसतो.

उलटी तऱ्हाही आहे. हल्ली मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, म्हणजे युनिकोड. तो मी कन्व्हर्टरमधून फिरवते. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘वाऱ्या’, ‘सुऱ्या’मधला र हमखास फुटतो. एकदा पत्रिकेत ‘सौ.’ च्या नावातला र असा काही फुटला की नवऱ्या मुलीच्या आत्याने दुकानात येऊन माझा उद्धार केला. प्रूफ त्यांनीच पास केलं होतं, तो भाग वेगळा.

मुद्दा काय, मला बांधून ठेवलंय ते मायक्रोसॉफ्टने नाही. विंडोजमध्ये युनिकोड मराठी एक्सपीच्या काळापासून आहे. आमच्या धंद्यानेच जुने फॉन्ट सोडले नाहीत, कारण छापखान्यातल्या माणसाचा हात त्या की-बोर्डवर बसला होता आणि गिऱ्हाइकाला उद्याच पत्रिका हवी होती. आमच्याकडे उद्या नेहमी उद्याच असतो.

बंदोबस्त

ताई, वायर नसलेल्या मशीनवर मजकूर येतो कसा?

खिळेजुळारी

पेन ड्राइव्हने. अजून कसा येणार, कबुतराने?

बंदोबस्त

मग वायर आहेच, फक्त तुम्ही ती खिशातून नेता. इराणच्या नतांझच्या अणुप्रकल्पातली यंत्रणाही इंटरनेटपासून तोडलेली होती. तिच्यावर सोडलेला, २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस यूएसबीवरूनही पसरत होता. तुमच्या लग्नपत्रिकांवर कुणाचा डोळा नसेल, पण फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे माणूस बघत नाहीत. वीस वर्षांच्या फायलींची दुसरी प्रत कुठे आहे?

पुदिना

सगळे असे बोलताय जणू जगात दोनच वाटा आहेत, ११ नाहीतर भंगार. चौथा_कप, तुमच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाका. आठ जीबी आणि एसएसडीवर उडेल. विंडोजसारखाच तोंडवळा हवा असेल तर झोरिन हे दुसरं लिनक्स आहे. त्यांनी १८ वी आवृत्ती मुद्दाम १४ ऑक्टोबरलाच काढली, याला म्हणतात मुहूर्त. मराठीसाठी काही शोधावं लागत नाही. इनस्क्रिप्ट आहे, कागपा हा उच्चारावर चालणारा की-बोर्ड आहे. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतायत, तिथल्या पोरांचं काही वाईट झालेलं ऐकलं नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटीने कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, आणि पत्र म्हणजे वर्ड, हे एवढं डोक्यात बसवलं की दुसरं काही असतं हेच लोकांना पटत नाही.

व्हाउचर_एन्ट्री

आले लिनक्सवाले. वाटच बघत होतो.

पुदिना, माझ्या टेबलावर टॅली आहे, ती विंडोजवर चालते. आयकराची एक्सेलमधली युटिलिटी मॅक्रोवर उभी आहे, लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडली की नुसती माना डोलावते. डिजिटल सहीचं टोकन आहे, त्याचा ड्रायव्हर आहे, आणि त्या ड्रायव्हरचं आणि पोर्टलचं भांडण आहे. हे सगळं विंडोजवर कसंबसं जमवलेलं आहे. २० तारखेला रात्री अकराला जीएसटीचं विवरण भरायचं सोडून मी टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करत बसू? तुम्ही येणार का तेव्हा?

आणि चौथा_कप, तुम्हीही जरा अतीच केलं. मी क्लाउडवाली वाट निवडली. खातं होतंच, चार क्लिक, एक रुपया लागला नाही. अशा नोंदवलेल्या मशीनना ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच, विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसच्या व्हायरस-याद्या तर २०२८ पर्यंत. वर्षभरात नवं मशीन घ्यायचं ठरवलंय, खर्चाला टाकीन.

पुदिना

येईन की. चहा ठेवा.

टॅलीचं मान्य. पण बाबांच्या कीर्तनाला टॅली लागत नाही, मी त्यांच्याबद्दल बोलत होतो.

जुनाबाजार

मी वापरलेले लॅपटॉप घेतो-विकतो, म्हणून बाजारातलं सांगतो. कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप ढिगाने काढलेत. ते भंगारात जात नाहीत, आपल्याकडे येतात. वर ‘विंडोज ११ सहित’ अशी चिठ्ठी असते. हे ११ तपासणी चुकवून टाकलेलं असतं. आज चालतं. पण वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट अशा मशीनवर आपणहून येत नाही, ते परत तसंच खटपट करून चढवावं लागतं. घेणाऱ्या पोराला हे कोणी सांगत नाही. मी सांगतो, त्यामुळे माझा माल कमी खपतो.

नट_बोल्ट, यात तुमचा मायक्रोसॉफ्ट जिंकला की हरला, ते तुम्हीच ठरवा.

नट_बोल्ट

माझा मायक्रोसॉफ्ट नाही हो, माझ्याकडे पगाराला लावलेलं नाही त्यांनी. पण यावर गप्प बसतो. चिठ्ठी चिकटवणाऱ्याचा दोष कंपनीच्या माथी मारता येत नसला, तरी घेणारा फसतोच.

एक मात्र मी मागे घेतो. युरोपात अट निघू शकते तर इथेही निघू शकते, त्यात त्यांचा खर्च वाढत नाही. उरलेलं माझं म्हणणं कायम.

चौथा_कप

व्हाउचर_एन्ट्री, तुम्ही म्हणालात तसं खात्यावरून नोंदवून टाकलं काल. बाबांनी विचारलं, ‘म्हणजे आपल्या सेटिंग्ज आता त्यांच्याकडे?’ मी हो म्हटलं. ‘आणि पॅच आपल्याकडे. बरं,’ म्हणाले आणि कीर्तन लावलं.

पुदिना, मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघायचं म्हणतोय, आत न बसवता. रविवारी मोकळे आहात का?

खिळेजुळारी

बंदोबस्त यांनी दुसऱ्या प्रतीचं विचारलं होतं. नव्हती. परवा दिवसभर बसून सगळ्या फायली दोन बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, एक घरी ठेवली. डोंगलची दुसरी प्रत काढता येते का, ते कोणाला माहीत असेल तर सांगा. तो एकच आहे, आणि त्याच्या पिनवर गंज चढलाय.