येशू देव आहे तर गेथशेमानेत तो प्रार्थना कोणाला करत होता? (त्रैक्याबद्दल प्रश्न)

शोधक_वाचक

नमस्कार मंडळी. सध्या नवा करार सलग वाचतोय, मार्क संपवून योहान सुरू केलाय, पण मन एका जागी अडकलंय ते काही सुटत नाहीये. मार्क १४ मध्ये येशू गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून प्रार्थना करतो, अब्बा, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. आता ख्रिस्ती लोक म्हणतात पिता देव आहे, येशू देव आहे, पवित्र आत्मा देव आहे आणि तरीही देव एकच. मग इथे कोण कोणाला विनवतंय? स्वतःच स्वतःला? आणि देव एकच आहे तर "माझी इच्छा" आणि "तुझी इच्छा" अशा दोन इच्छा आल्या कुठून?

एका मित्राला विचारलं तर तो म्हणाला पाण्याचं बघ ना, बर्फ, पाणी, वाफ, तिन्ही एकच. ऐकताना पटलं, पण घरी येऊन विचार केला तर बर्फ काही वाफेची प्रार्थना करत नाही. दुसरीकडे नेटवर सगळीकडे हेच लिहिलेलं दिसतं की त्रैक्य वगैरे ३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने ठरवून घेतलं, त्याआधी कोणी येशूला देव मानतच नव्हतं, आणि त्रैक्य हा शब्दही बायबलमध्ये नाही. शब्द मी शोधला, खरंच नाहीये.

वाद घालायचा नाही, मनापासून समजून घ्यायचंय. फक्त "हे गूढ आहे, विश्वास ठेवा" एवढ्यावर सोडू नका प्लीज.

---

पहाटवारा

बर्फ आणि वाफेबद्दल तुम्ही जे म्हणताय ते अगदी बरोबर आहे. मुलांना शिकवताना हे उदाहरण खूप वापरतात पण चर्चने हीच कल्पना तिसऱ्या शतकात नाकारली होती. सबेलियस नावाच्या शिक्षकाशी हे मत जोडतात, की देव एकच आणि तो कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो. हे मत धरलं तर गेथशेमानेतली प्रार्थना खरंच स्वतःशी बोलणं ठरते, तुमची अडचण नेमकी तीच आहे. मत्तय ३ उघडून बघा, येशू पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरतोय आणि स्वर्गातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र. तिघंही एकाच वेळी तिथे आहेत, त्यामुळे एकानेच तीन रूपं घेतली म्हणायला जागाच उरत नाही.

चर्च जे म्हणतं ते असं, की "काय" आणि "कोण" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काय आहे? एकच देव. कोण आहे? पिता, पुत्र, पवित्र आत्मा. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, पण देवपण तिघांचं एकच, वाटून घेतलेलं नाही, तीन तुकडे नाहीत. म्हणजे गेथशेमानेत पुत्र पित्याशी बोलतोय, स्वतःशी नाही.

आता हे बायबलमध्ये आहे का? शब्द नाही, मान्य. पण मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी जागा आहे पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा अध्याय २, आणि ती जुन्या करारातल्या यशया ४५ शेजारी ठेवूनच वाचायला हवी. यशया ४५ म्हणजे देव एकच आहे हे सगळ्यात ठासून सांगणारा अध्याय, माझ्याशिवाय दुसरा देव नाही असं तिथे परमेश्वर परत परत म्हणतो, आणि शेवटी शपथ वाहून सांगतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, प्रत्येक जीभ माझी शपथ वाहील. पौल हा कट्टर परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला), लहानपणापासून एकाच देवाची उपासना रक्तात भिनलेली, आणि तो नेमकं हेच वचन उचलतो आणि लिहितो की येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल आणि प्रत्येक जीभ कबूल करेल की येशू ख्रिस्त प्रभू आहे. आणि लगेच पुढे काय, तर देवपित्याच्या गौरवासाठी! म्हणजे दुसरा देव उभा केला नाही, पित्याचा मान कमी केला नाही, आणि तरी जे फक्त परमेश्वराचं होतं ते येशूला दिलं. हे पत्र वधस्तंभानंतर फार तर तीस-पस्तीस वर्षांतलं आहे, कुठल्याही बादशहाचा संबंध नसताना.

आणि अजून एक, तुम्ही ज्या "अब्बा" पाशी थांबलात तीच हाक गलतीकरांस ४:६ मध्ये परत येते, देवाने आपल्या पुत्राचा आत्मा आपल्या अंतःकरणात पाठवला आणि तो "अब्बा, बापा" अशी हाक मारतो. एकाच वाक्यात तिघं आहेत बघा. पहिल्या विश्वासणाऱ्यांनी आधी सिद्धांत मांडून मग प्रार्थना केली असं झालं नाही, ते आधीपासूनच असं प्रार्थना करत होते, सिद्धांताची भाषा मागून घडली.

---

जुनी_पोथी

कॉन्स्टंटाइनच्या गोष्टीबद्दल लिहितो कारण ही गोष्ट इतक्या वेळा फॉरवर्ड होते की लोकांना ती इतिहासच वाटते.

इ.स. ११२ च्या आसपास प्लिनी नावाचा रोमन राज्यपाल सम्राट ट्राजानला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. पकडलेल्यांकडून चौकशीत काय कळलं ते तो लिहितो, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र म्हणतात. हे लिहिणारा त्यांचा मित्र नाही, त्यांना शिक्षा देणारा अधिकारी आहे. आणि तो ज्या प्रांताचा राज्यपाल होता, बिथुनिया आणि पंत, त्याच प्रांतात निकेया हे शहर होतं जिथे २०० वर्षांनी, म्हणजे तुम्ही म्हणताय त्या ३२५ साली, बिशपांची ती परिषद भरली. म्हणजे जे तिथे "शोधून काढलं" म्हणतात ते त्याच भागातले लोक दोन शतकं आधी पहाटे गात होते. त्रैक्य हा शब्दही परिषदेच्या शंभर वर्षं आधीचा, उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तो लॅटिनमध्ये वापरलाय.

मग ३२५ ला झालं काय? अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण तो निर्माण केलेला आहे, तो नव्हता असाही एक काळ होता. परिषदेने त्यावर सांगितलं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. सही करायला शेवटपर्यंत नकार देणारे फक्त दोन बिशप होते. बायबलमध्ये कुठली पुस्तकं ठेवायची हा विषय या परिषदेने ठरवला असंही पसरवतात, तसं काही झालेलं नाही.

आणि बादशहाच्या मर्जीने हे टिकलं म्हणणाऱ्यांनी पुढची पन्नास वर्षं वाचावीत. कॉन्स्टंटाइन स्वतः नंतर एरियसच्या बाजूच्या लोकांकडे झुकला, ३३७ मध्ये मरायच्या आधी त्याने बाप्तिस्मा घेतला तो एरियसचा पाठीराखा असलेल्या निकोमेदियाच्या युसेबियसकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर निकेयाच्या उघड विरोधात होता. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस, जो निकेयाच्या निर्णयाच्या बाजूने सगळ्यात ठाम उभा राहिला, त्याला पाच वेळा हद्दपार केलं, एकूण सतरा वर्षांच्या आसपास तो आपल्या शहराबाहेर होता. राजसत्तेने लादलेल्या गोष्टीसाठी माणसाला राजसत्तेकडूनच इतकं सोसावं लागतं का?

तुमचा दोन इच्छांचा प्रश्न तर याहून खोल आहे आणि तुम्ही तो विचारलात याचं मला फार बरं वाटलं, कारण सातव्या शतकात अख्खं साम्राज्य नेमक्या याच प्रश्नावर, याच बागेतल्या याच प्रार्थनेवर भांडत होतं. सम्राटाला शांतता हवी होती, त्याचं म्हणणं ख्रिस्ताला इच्छा एकच होती म्हणा किंवा मग विषयच काढू नका. मॅक्सिमस नावाच्या मठवासी साधूने ते मानलं नाही. त्याचं म्हणणं, येशू खरा माणूस होता तर माणसाची इच्छाही त्याच्यात खरी असणारच, मरणाला घाबरणं हे माणसाचं स्वाभाविक आहे, आणि त्या बागेत ती मानवी इच्छा पित्याच्या इच्छेला हो म्हणाली. ती इच्छा खोटी असती तर आपलं तारण कसलं? या मतासाठी म्हाताऱ्या मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात कापला, हद्दपारीत ६६२ मध्ये तो गेला. ६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचंच म्हणणं मान्य केलं, ख्रिस्तात दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा आहेत. म्हणजे देवात तीन वेगवेगळ्या इच्छा ओढाताण करतायत असं चर्च म्हणत नाही, पिता, पुत्र, आत्मा यांची दैवी इच्छा एकच, आणि "माझी इच्छा नको" म्हणतोय तो पुत्र, पण आपल्या मानवी इच्छेने.

---

एकच_देव

वरचं सगळं नीट वाचलं, मेहनत घेऊन लिहिलंय दोघांनीही. पण मी त्रैक्य मानत नाही आणि माझंही म्हणणं बायबलवरूनच आहे म्हणून लिहितो. योहान १७:३ मध्ये येशू पित्याला "एकच खरा देव" म्हणतो आणि स्वतःला त्याने पाठवलेला म्हणतो. योहान १४:२८ पिता माझ्यापेक्षा थोर आहे. मार्क १३:३२ तो दिवस पुत्राला माहीत नाही, फक्त पित्याला. १ करिंथ १५:२८ तर शेवटी पुत्र स्वतः पित्याच्या अधीन होईल म्हणतं. साध्या माणसाने हे वाचलं तर त्याला काय वाटेल? आणि १ योहान ५:७ चं वचन, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघं एक आहेत, ते तर जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीच, मागाहून घातलेलं आहे. मग पाया कुठे राहिला? माझ्यासाठी देव एकच आहे हे फिरवाफिरवी न करता म्हणता येणं फार महत्त्वाचं आहे.

---

पहाटवारा

@एकच_देव, १ योहान ५:७ बद्दल तुम्ही पूर्ण बरोबर आहात, कोणी ते वचन वापरून त्रैक्य सिद्ध करत असेल तर त्याने थांबावं. एरास्मस या विद्वानाने छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते नव्हतं, दबाव आल्यावर १५२२ मध्ये त्याने ते घातलं. पण निकेयाच्या वादात अथनेशियसने या वचनाचा आधार घेतलाच नव्हता, त्यामुळे ते काढलं तरी भिंत पडत नाही.

बाकीची वचनं मी हलकी घेत नाही. पण "पिता माझ्यापेक्षा थोर" म्हणणाऱ्याच शुभवर्तमानात "मी आणि पिता एक आहोत" पण आहे, सुरुवातीला "शब्द देव होता" आहे, आणि शेवटी शिष्य थोमा पुनरुत्थित येशूला म्हणतो "माझा प्रभू व माझा देव". तिथे येशू काय करतो ते बघा, तो थोमाला अडवत नाही. प्रेषितांची कृत्ये (प्रे. कृत्ये) १४ मध्ये लुस्त्र गावात लोक पौल आणि बर्णबाला देव समजून बळी द्यायला निघतात तेव्हा हे दोघं कपडे फाडत गर्दीत धावतात, आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत म्हणून ओरडतात. प्रकटीकरणात योहान देवदूताच्या पाया पडायला जातो तर देवदूत लगेच म्हणतो असं करू नको, देवाला नमन कर. येशू मात्र थोमाची कबुली स्वीकारतो. ज्याने आयुष्यभर पित्याचाच मान राखला त्याने हे का स्वीकारलं, हा प्रश्न त्रैक्य न मानणाऱ्यालाही सोडवावाच लागतो.

दिवस माहीत नसणं मी मानवी स्वभावाच्या बाजूने वाचतो, जुनी_पोथी यांनी इच्छेबद्दल लिहिलं तसंच. १ करिंथ १५:२८ सगळ्यात कठीण आहे, त्यावर चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने स्वतंत्र लेखनच केलंय. माझ्या समजुतीत पुत्र हा कायमच पित्यापासून आहे आणि पित्याकडे वळलेला आहे, या नात्यात क्रम आहे पण देवपणात कमी-जास्त नाही. तुम्हाला हे पटलं नाही तरी तुमची वचनं मी परत वाचणार आहे.

---

शोधक_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, मॅक्सिमसबद्दल तर कधी ऐकलंच नव्हतं, आज दिवसभर तेच डोक्यात आहे. एक राहिलं. पिता आणि पुत्र यांच्याबद्दल एवढं बोलणं झालं पण पवित्र आत्मा म्हणजे देवाची शक्ती असंच मला वाटत होतं, तो "कोण" कसा?

---

ओलीवशाखा

यात तुम्ही एकटे नाही, चौथ्या शतकातही खूप जण इथेच अडले होते. ३२५ च्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर विधानात, आत्म्याबद्दल फक्त एवढंच होतं, "आणि पवित्र आत्म्यावर", संपलं! मग पुत्र देव आहे पण आत्मा नाही म्हणणारे निघाले, आणि कैसरियाचा बसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी, आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी यावर आयुष्य घालवलं. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या मतांगीकारात मग ते वाढवलं, तो प्रभू व जीवनदाता आहे, आणि पित्याबरोबर व पुत्राबरोबर त्याची उपासना होते. "पित्यापासून निघतो" याच्यापुढे "आणि पुत्रापासून" हे पश्चिमेकडच्या चर्चने नंतर जोडलं, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला ते आजही मान्य नाही, पण तो वेगळा मोठा विषय आहे.

शास्त्रात बघायचं तर प्रे. कृत्ये १३:२ घ्या. अंत्युखियातली मंडळी उपास करून प्रार्थना करतायत आणि पवित्र आत्मा म्हणतो, बर्णबा व शौल (म्हणजे पौल) यांना ज्या कामासाठी मी बोलावलंय त्यासाठी त्यांना माझ्याकरता वेगळं करा. नुसती शक्ती "मी बोलावलंय" म्हणत नाही. अध्याय ५ मध्ये हनन्या पैसे लपवतो तेव्हा पेत्र त्याला आधी म्हणतो तू पवित्र आत्म्याशी लबाडी केलीस, आणि पुढच्याच वचनात म्हणतो तू माणसांशी नाही देवाशी लबाडी केलीस. इफिसकरांसच्या पत्रात तर त्याला दुःख देऊ नका असं लिहिलंय.

तुम्ही योहान वाचताय ना, कुठपर्यंत आलात माहीत नाही पण १४ ते १६ हे तीन अध्याय एका बैठकीत वाचा, शेवटच्या रात्री येशू शिष्यांना सांगतोय की मी पित्याला विनंती करेन आणि तो तुम्हाला दुसरा कैवारी (म्हणजे पवित्र आत्मा) देईल. त्यात कोण कोणाला पाठवतंय, कोण कोणाचं गौरव करतंय एवढंच पेन्सिलने खुणा करत जा, आणि जिथे अडेल ते इथेच लिहा, मी या आठवड्यात तेच अध्याय पुन्हा वाचणार आहे.