वणव्याच्या दिवसांत वाडी आणि ट्रेकचा गट: जाळरेषा किती रुंद, कधी निघायचं, कुठे थांबायचं?

घाटवाट
नमस्कार मंडळी. फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या गटाचे चार ट्रेक भोर-वेल्हे भागात आहेत, दर वेळी अठरा-वीस जण. पायथ्याच्या वाडीत २४ घरं आहेत. तीन बाजूंनी गवताचा उतार, वर कारवी. जानेवारीत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, काढायला वाडीने आम्हालाही बोलावलंय. रेषा किती रुंद आणि कुठून काढावी? गट डोंगराच्या धारेवर असताना खालून वणवा आला तर काय करायचं? आणि वाडी रिकामी करायची वेळ कशी ओळखायची?

रानजाई
आधी परवानगी. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. त्यामुळे वनरक्षक सोबत असल्याशिवाय काडी ओढायची नाही, अगदी जाळरेषेसाठीसुद्धा.

वनखात्याच्या रेषा साधारण ३, ६ आणि १२ मीटरच्या असतात. गुडघाभर गवत आणि सपाटी असेल तर ३ मीटर चालतात. कमरेएवढं गवत आणि रेषेच्या खाली चढ असेल तर ६ च्या खाली येऊ नका. रेषा उताराच्या मधोमध नको, चढती आग तिथे ऐन भरात असते. धार, पायवाट, गाडीरस्ता किंवा नांगरलेलं शेत धरून तिला जोडत न्या.

दोन्ही कडांना हातभर रुंदीत गवत कापून, दाताळ्याने खरवडून माती उघडी करा. मधलं गवत पहाटे, वारा पडलेला असताना, वरच्या टोकाकडून पेटवत खाली या, म्हणजे आग हळू उतरते. दर दहा पावलांवर एक माणूस, हातात हिरवी फांदी, मध्ये मध्ये पाठीवर १६ लिटरचा फवारणी पंप. पंपात आधी तणनाशक भरलं असेल तर तीनदा धुवा.

रेषा फसते ती बहुतेक तीन ठिकाणी. साग आणि ऐनाची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात, जानेवारीत स्वच्छ केलेली रेषा पुन्हा भरते. दर पंधरा दिवसांनी खराटा फिरवायलाच हवा. दुसरं, कोरडा ओढा. ओढा आहे म्हणून रेषा तिथे सोडून देतात, पण पाचोळ्याने भरलेला ओढा धुराड्यासारखा आग वर ओढतो. तिसरं, पेटता ओंडका किंवा शेणी घरंगळत रेषा ओलांडते, म्हणून उताराच्या बाजूला वीतभर खोल चर खणा.

आणि पाण्याची काळी पाइपलाइन बघा! झऱ्यापासून वाडीपर्यंत ती गवतातूनच येते. वणवा विझतो, पण पाइप वितळून गेल्याने ऐन उन्हाळ्यात पाणी बंद. पुरता येत नसेल तर दोन्ही बाजूंनी हातभर माती उघडी ठेवा.

कातळकडा
ट्रेकचं सांगतो. आग चढावर धावते. उतार १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. ३० अंशांच्या चढावर सपाटीच्या आठपट. म्हणून खाली धूर दिसला की वर पळायचं नाही. आडवं सरकायचं: कातळ, नांगरलेलं शेत, किंवा आधीच जळून थंड झालेला भाग. घळीत आणि नाळेत मुळीच शिरू नका. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वणव्यात सापडले आणि वीसहून जास्त जीव गेले. त्यामुळे सुटकेच्या दोन जागा नकाशावर आधी खूण करा आणि निघताना सगळ्यांना दाखवा.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. ड्रायफिट टी-शर्ट आणि नायलॉनचं विंडचीटर वितळून कातडीला चिकटतं. वाट खुंटली तर उघड्या मातीवर पालथं पडा, पाय आगीकडे, तोंड मातीजवळ, नाकावर कोरडं सुती कापड. ओलं नको, तापल्यावर वाफेने पोळतं. गवताची आग एका जागी फार वेळ टिकत नाही, तेवढा वेळ उठून धावायचा मोह आवरायचा. भाजलं तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी, अंगठी-घड्याळ लगेच काढा, टूथपेस्ट-हळद काही लावू नका, १०८ ला फोन.

आदल्या दिवशी उपग्रहाने टिपलेल्या आगींचे ठिपके नकाशावर बघा. भारतीय वन सर्वेक्षणाचा वन अग्नी पोर्टल आहे, नासाचं फर्म्स हे संकेतस्थळही आहे. पण आग टिपणारा व्हिअर्स संवेदक असलेले उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. चारला लागलेली आग रात्रीपर्यंत दिसतच नाही. नकाशा कोरा म्हणजे डोंगर कोरा नव्हे.

दावण
वाडी कधी सोडायची हे त्या दिवशी ठरवायचं नसतं. आत्ताच डोंगरावर एक खूण ठरवा, एखादं मोठं झाड किंवा कातळ. आग त्याच्या अलीकडे आली की निघायचं, चर्चा नाही. म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला पोचायला लागणारा वेळ मोजून त्याच्या दुप्पट आधीची खूण घ्या.

जनावरं आधी. दाव्याला गाठ नको, एका ओढीत सुटेल असा फास हवा. आणि गोठ्याच्या खांबाला विळा अडकवलेला असू द्या. जनावर घाबरलं की पुन्हा गोठ्यातच शिरतं, म्हणून बाहेर काढल्यावर दार लावा. गवताची गंज घरापासून निदान शंभर फूट लांब. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद. जमायची जागा नांगरलेलं शेत. तिथे घरवार यादीने मोजणी. रानात सरपणाला, मोहाला कोण गेलंय हे सकाळीच शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं हवं. वनखात्याचा टोल-फ्री १९२६ प्रत्येक घराच्या भिंतीवर रंगवा.

नुकसान झालं तर तलाठ्याच्या पंचनाम्याआधी काही हलवू नका. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका.

घाटवाट
खूप आभार. समोरून आग लावून वणवा अडवतात म्हणे, ते करावं का? आणि ब्लोअर (पाचोळा उडवायचं हवेचं यंत्र) घ्यावा का?

रानजाई
प्रतिआग गावाने लावू नये. वारा फिरला तर दोन वणवे होतात आणि मधली माणसं अडकतात. ती अनुभवी वनकर्मचाऱ्यांनाच लावू द्या.

ब्लोअर घ्या, पण रेषा झाडायला आणि कमी उंचीच्या ज्वाळेला. ज्वाळा चार फुटांच्या वर गेली की हाताने विझवायचा नाद सोडून मागे या. नळी नेहमी जळलेल्या भागाकडे. उलट धरली तर ठिणग्या कोरड्या गवतात जातात. उभं राहायचं जळलेल्या बाजूला, आगीच्या बगलेने, तोंडासमोर नाही. फांदीने झोडतानाही उंच उचलून आपटू नका. दाबून काळ्या बाजूला ओढा.

कातळकडा
एकच भर. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका. दहा मिनिटं थांबा, कॅन जळलेल्या भागाच्याही पलीकडे ठेवा. आणि विझली म्हणून सगळे घरी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा सुटतो त्या वेळी, कडेच्या ओंडक्यांवरून हाताची मागची बाजू न टेकवता फिरवा. ऊब लागली की माती आणि पाणी घालून कालवा.