हायब्रिडची मोठी बॅटरी: दोन मॉड्यूल बदलू की अख्खा पॅक?

मंडळी, जरा डोकं लावा. जुनी हायब्रिड आहे, निकेल-मेटल हायड्राइड पॅकवाली. २८ मॉड्यूल, प्रत्येकी ७.२ व्होल्ट (आत सहा सेल), सगळी सिरीजमध्ये. महिनाभर चार्जच्या पट्ट्या वेड्यासारख्या वागत होत्या: चढावर पाच मिनिटांत तळाला, उतारावर लगेच भरलेल्या. मागच्या सीटजवळचा, पॅक थंड ठेवणारा पंखा सतत घोंघावत होता. शेवटी लाल त्रिकोण लागला, कोड पी०ए८०, म्हणजे हायब्रिड पॅक खराब.

कोड आला की "पॅक बदला" हे उत्तर ठरलेलंच असतं, म्हणून आधी स्वस्तातले संशयित तपासले. १२ व्होल्टची बॅटरी ठीक आहे. पंख्याच्या जाळीत मात्र केस आणि धुळीचा नमदा निघाला (कुत्रं मागेच बसतं!). साफ केला, कोड पुसला, दोन दिवसांत परत हजर.

मग स्कॅनर लावून ब्लॉकचे आकडे पाहिले. एका ब्लॉकमध्ये दोन मॉड्यूल, असे १४ ब्लॉक. गाडी उभी असताना सगळे जवळपास सारखे. जोरात पळवली की बाकीचे १४ व्होल्टच्या आसपास आणि सहावा थेट १२ व्होल्टवर. चार्ज होताना तोच सगळ्यांच्या आधी वर चढतो. एखादा सेल शॉर्ट असता तर उभ्या गाडीतही सव्वा व्होल्टचा फरक दिसला असता ना? म्हणून मला वाटतं, त्या जोडीची क्षमता गेली आहे.

गॅरेजवाला म्हणतो, अख्खा पॅक. मला वाटतं, दोन मॉड्यूल. कोणी स्वतः केलंय का?

प्रतिसाद:
निदान पटतंय, पण पॅक उघडल्यावर बसबार (मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) आधी बघा. तांब्यावर हिरवट थर असेल तर आकडे खोटे बोलतात. मग प्रत्येक मॉड्यूलवर हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब दोन मिनिटं लावून व्होल्टेज लिहा. उरलेली २६ एकसारखी निघाली तरच दोन बदला, तीही त्याच क्षमतेची, वापरलेली. नवीकोरी घातलीत तर जुन्यांशी जुळणार नाहीत. बसवण्याआधी सगळी पॅरललमध्ये जोडून रात्रभर ठेवा, म्हणजे चार्ज सारखा होईल. आणि सुटं मॉड्यूल दोन्ही बाजूंनी घट्ट आवळल्याशिवाय चार्ज करू नका, फुगतं.

दुसरी चार-पाच कण्हत असतील तर हा खेळ सोडा. महिन्या-दोन महिन्यांनी पुढचं जाईल, सीट परत उचलायची.

धागाकर्ता:
आभार! नारिंगी सर्व्हिस प्लग काढला की हात घालायला हरकत नाही ना?

प्रतिसाद:
हरकत आहे! प्लग काढला की पॅकची जोडणी मध्येच तुटते, मॉड्यूलमधली वीज मरत नाही. १२ व्होल्टचं निगेटिव्ह काढा, प्लग खिशात ठेवा, इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं थांबा, मीटर लावून खात्री करा. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे शेवटचा बसबार निघेपर्यंत हातातच. अंगठी, घड्याळ घरी.

धागाकर्ता:
हातमोजे आल्याशिवाय सीटला हात लावत नाही. २८ आकडे घेऊन परत येतो.