वारसाचं जतन की वारशाचं जतन? आणि संवर्धन, जीर्णोद्धार म्हणजे नेमकं काय?

गडवाट
आमच्या ग्रुपकडे गडावर लावायच्या फलकाचा मजकूर तपासायला आलाय. पहिलीच ओळ 'ऐतिहासिक वारसाचे जतन व संवर्धन' अशी आहे आणि खाली तटबंदीचा 'जीर्णोद्धार' केला असं लिहिलंय. वारसाचे बरोबर का वारशाचे? आणि हे बाकीचे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? जुलै २०२५ मध्ये आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून असे फलक खूप होतायत, म्हणून आत्ताच नीट विचारून घेतो.

शुद्धमती
वारशाचे. वारसाचे म्हणजे वारस जो असतो त्याचे, तलाठ्याकडे वारस नोंद करतो ना तो. वारसा हा शब्द पैसा, ससा, घसा यांच्यासारखा चालतो, पैशाचे, सशाचे, घशाचे, तसंच वारशाचे. खात्री हवी असेल तर संविधानाचा मराठी मजकूर बघा, मूलभूत कर्तव्यांत 'आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे' असं आहे, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीत आलेलं कलम आहे ते. जोडशब्दात मात्र वारसास्थळच, तिथे बदल नाही.

कातळकोरीव
बाकीच्या शब्दांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण फलकावर जो शब्द जातो त्यावरून लोकांची कामाबद्दलची अपेक्षा ठरते. जतन हा यत्न वरून आलेला, जे आहे ते जपून ठेवणं. संवर्धन मध्ये वृध् धातू आहे, वाढवणं, म्हणून पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन. लोककला, बोली, दशावतार यांना संवर्धन चपखल बसतं कारण ती नव्या पिढीत वाढली तरच टिकणार. दगडी बुरूज वाढवायचा नसतो. पण पुरातत्त्व खात्याच्या कामात संवर्धन हा शब्द आता इतका रुळलाय की त्याला चूक म्हणता येणार नाही, दोन्ही राहू द्या.
जीर्णोद्धार ला मात्र माझा विरोध आहे. तो पूजेतल्या देवळाचा शब्द, अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी केला तो जीर्णोद्धार, पडलेलं पुन्हा उभं करून देव परत नांदता करायचा. संरक्षित किल्ल्यावर ढासळलेली भिंत अंदाजाने नवी बांधली तर मूळ काय होतं हेच पुसलं जातं. तिथे दुरुस्ती किंवा डागडुजी लिहा, साधे शब्द आहेत आणि खरे आहेत.

चुनखडी
+१. आणि 'सुशोभीकरण' असेल तर तेही काढायला सांगा, त्या शब्दाखाली फरशा आणि सिमेंट येतं. जुनं बांधकाम चुन्यातलं, चुना, वाळू, विटांची सुरखी म्हणजे भुकटी, कुठे गूळ, बेलफळाचं पाणी, हे सगळं चुन्याच्या घाण्यात मळून घ्यायचे, गडांवर ते गोल चराचे घाणे अजून दिसतात. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर निघते, सिमेंटने ती आत कोंडते आणि मग दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात, त्यामुळे नुसतं 'दुरुस्ती केली' न लिहिता 'चुन्याने दरजा भरल्या', म्हणजे दगडांमधल्या फटी, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काम कळतं आणि गवंड्यांचा शब्दही टिकतो.

दप्तरी
एक कायद्याची बाजू. 'संरक्षित' आणि 'सुरक्षित' याची फलकांवर फार गल्लत होते. संरक्षित स्मारक म्हणजे सरकारने अधिसूचना काढून कायद्याखाली घेतलेलं, केंद्राचा १९५८ चा कायदा किंवा महाराष्ट्राचा १९६० चा. युनेस्कोच्या यादीतल्या १२ किल्ल्यांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आणि तमिळनाडूतला जिंजी धरून उरलेले ८ केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, म्हणजे तुमचा गड कुठला त्याप्रमाणे 'राज्य संरक्षित' का 'केंद्र संरक्षित' ते ठरेल. केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, हे दोन शब्द पण अदलाबदल करू नका, पहिल्यात नवं बांधकाम चालतच नाही, दुसऱ्यात परवानगी घेऊन चालतं.
राज्याच्या स्मारकं दत्तक देण्याच्या योजनेच्या नावात 'संगोपन' शब्द आहे, महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना. मला तो या सगळ्यांत जास्त आवडतो, लेकराचं करतात ते संगोपन, एकदा करून संपत नाही.

गडवाट
सगळ्यांचे आभार, खूप कामाचं मिळालं. 'ऐतिहासिक वारशाचे जतन' एवढंच ठेवतो, जीर्णोद्धार काढून 'तटबंदीची चुन्यात दुरुस्ती' करतो. अजून एक, मजकुरात 'गडावर पाण्याच्या सात टाक्या आहेत' असं आहे, ते कातळात खोदलेल्या हौदांबद्दल आहे, ते बरोबर का?

शुद्धमती
ते बदला. खोदलेलं ते टाकं, अनेक असली की टाकी. सात टाकी आहेत. टाक्या गच्चीवरच्या.