मदत हवी आहे: वाचनालयातल्या संध्याकाळच्या व्याख्यानांत नेमकं काय शिकवावं?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात 'कामासाठी इंटरनेट' या विषयावर संध्याकाळी ३ व्याख्यानं घ्यायची ठरली आहेत आणि बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. प्रत्येकी तासभर.

पहिलं झालं. ईमेल या एका विषयातच तास संपला! एका मुलाने नोकरीचा अर्ज दाखवला: विषयाची ओळ कोरी, बायोडेटा म्हणजे मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, वर अंगठ्याची सावली. तिथेच बसून त्याची पीडीएफ केली, फाइलला त्याचं नाव दिलं. 'एवढंच होतं होय?' म्हणाला.

दुसऱ्यात गूगलवर नेमकं शोधणं घेतोय. अवतरणचिन्हांत शब्द टाकले की तेच शब्द सलग शोधले जातात, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

अडलंय ते तिसऱ्यापाशी. लिंक्डइन (नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीची वेबसाइट) प्रोफाइल प्रत्यक्ष तयार करून घ्यायचं मनात आहे, पण वाचनालयाचे संगणक सामायिक. लोक लॉगआउट न करता उठतात, ब्राउझरने पासवर्ड साठवू का विचारलं की बिनधास्त 'हो' म्हणतात. इनकॉग्निटो विंडो (ब्राउझरची खाजगी विंडो) वापरायला लावावी का? विंडो बंद केली की त्या संगणकावरची हिस्टरी आणि कुकीज (लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या वेबसाइटच्या छोट्या नोंदी) जातात, पण डाउनलोड केलेला बायोडेटा तिथेच राहतो. शिवाय टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीचा) कोड येणार तो फोन निम्मे जण घरी ठेवून येतात.

असे वर्ग कुणी घेतलेत का? प्रत्येकाकडून करून घेता, की पडद्यावर दाखवून सोडता?